तळटीपेतली आत्या

आमच्या घराण्याचा इतिहास मी तीन वर्षं खपून लिहिला. निजामाच्या काळातले उर्दू कागद लोकांच्या हातापाया पडून वाचून घेतले, उन्हातान्हात फिरून समाध्यांवरची नावं उतरवली. मानवतला सगळ्या भाऊबंदांचं संमेलन झालं तेव्हा प्रत्येकाच्या हातात एकेक प्रत दिली. कोणी धड दोन पानं वाचली नाहीत. एका पानाखालची दोन ओळींची टीप मात्र झाडून सगळ्यांनी वाचली.

चूक माझीच. कॉलेजात इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला. आधाराशिवाय वाक्य लिहायचं नाही, ही खोड हाडात मुरलेली. पोरांच्या वह्यांवर लाल शाईनं 'हे कोणी सांगितलं?' असं विचारत राहिले. मग घरचाच इतिहास लिहिताना हात कसा थांबणार?

आजोबांची पहिली बायको, म्हणजे आमची थोरली आजी, लग्नानंतर दोन वर्षांत तापानं गेली असं घरात सगळे सांगायचे. आमच्यात दहन नाही, पुरून समाधी बांधतात; तिची मात्र मला कुठे सापडेना. म्हणून गंगाखेडला आत्याला फोन केला. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, आजोबांच्या दुसऱ्या बायकोची लेक. वय ऐंशीच्या पुढे. ती म्हणाली, "फोनवर नको बाई, सून ऐकायलीय." आठ दिवसांनी पोस्टानं पत्र आलं. रेघांच्या वहीची चार पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली.

"थोरली तापानं मेली न्हाई," आत्यानं लिहिलं होतं. "मूल होईना म्हणून दादांनी तिला झरीला तिच्या भावाकडं नेऊन सोडलं आणि माझ्या आईशी लग्न केलं. लय वर्षं जगली ती तिथं. एकदा आपल्या दुकानाच्या पायरीखाली येऊन उभी राहिली. दादा आत गादीवर बसलेले. मला म्हणाले, जा, तिला सांग दादा गावाला गेलेत. मी जाऊन सांगितलं. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली. तुलाच सांगायलेय. पोटात ठिव."

शेवटचे दोन शब्द मी वाचले होते. वाचले नव्हते म्हणायची सोय नाही. कोणाचं खासगी पत्र आधार म्हणून द्यायचं तर आधी त्या माणसाची परवानगी घ्यावी, हेही मीच पोरांना शिकवलेलं. आत्याला विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती. म्हणून विचारलं नाही. आणि खाली ठसठशीत टीप दिली: थोरली तापानं गेली नाही, तिला झरीला नेऊन सोडलं; पुढे आत्याचं नाव, गाव, तारीख, 'लेखिकेस खासगी पत्र'. काय तो माझा रुबाब!

दुकान आता थोरला चुलतभाऊ चालवतो. कपाळभर भस्म लावून माणूस दिवसभर लोकांशी गोड बोलतो. मला फोनवर म्हणाला, "आजोबांची इज्जत घालवलीस. अन् त्या म्हातारीला सांग, तिला आता माहेर न्हाई."

आत्याचे सगळे भाऊ गेल्यापासून दर पंचमीला हाच तिच्यासाठी माहेरची साडी घेऊन जायचा. त्या पंचमीला गेला नाही. नव्या बांगड्या भरून आत्या मानवतची शेवटची बस येईपर्यंत ओसरीवर बसून होती. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"मी आणते ना साडी," मी म्हणाले.

"तुझी घेऊन काय करू? तूही दिलेलीच पोर. भाच्याच्या हातची पाहिजे. उद्या मेले तर अंगावर माहेरचं कापड पडंल का गं?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "लिहून टाक की, म्हातारीला भरम झाला होता."

"आत्या, अगं खरं ते खरं!"

"खरं मी तुला सांगितलं होतं. तुझ्या पुस्तकाला न्हाई."

मग महिनाभर भावाशी भांडले. त्याचं एकच: शुद्धिपत्र छाप, आणि ते पत्र घेऊन गंगाखेडला ये, आत्याच्या तोंडून ऐकू दे. शेवटी छापलं. 'सदर मजकूर विश्वसनीय आधारावर नाही.' प्रत्येक प्रतीत माझ्या हातानं चिकटवलं. थोरली आजी पुन्हा तापानं मेली.

दिवाळीच्या आधी आम्ही दोघं आत्याकडे गेलो. भावानं साडीचं पाकीट मांडीवरच ठेवलं आणि पत्र तिच्यापुढे सरकवलं. "आत्या, हे तुमी लिहिलं?"

आत्यानं चष्मा लावला. चारही पानं सावकाश वाचली, पुढून मागून. वाचताना ओठ हलत होते. मग चष्मा काढला.

"असलं मी कशाला लिहू? हिनंच जुळवलं असंल. हिला लय हौस लिहायची."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्याकडे तिनं बघितलं असतं तर मी काहीतरी बोलून गेले असते. तिनं बघितलंच नाही. तिची नजर त्या पाकिटावर होती. भाऊ माझ्याकडे वळून म्हणाला, "काय गं?"

"हो," मी म्हणाले. "मीच जुळवलं."

मग त्यानं साडी काढून तिच्या खांद्यावर घातली आणि वाकून पाया पडला. आत्या काठ चाचपत म्हणाली, "रंग चांगला हाय." पत्राची चार पानं भावानं घडी करून खिशात घातली. आत्यानं ती परत मागितली नाहीत. मीही नाही.