मावशींचा न दिसणारा उजेड

मावशींनी चिपच्या कारखान्यात निम्मा जन्म लेझरचा उजेड जागेवर बसवण्यात घालवला, आणि तो उजेड एकदाही पाहिला नाही. त्या लेझरचा प्रकाश माणसाच्या डोळ्याला दिसतच नाही, त्याला त्या तरी काय करणार? नखाएवढी सिलिकॉनची चिप. तिच्यावर मिठाच्या कणाएवढा लेझर ठेवायचा, त्याचा प्रकाश केसाहून बारीक वाटेत सोडायचा. वाटेतला फिल्टर हवा तेवढाच रंग पुढे जाऊ देतो, आणि टोकाशी बसलेला डिटेक्टर किती प्रकाश पोचला त्याचा आकडा पडद्यावर दाखवतो. आकडा चढला की मावशींच्या मनात एक लांबच लांब वाट उजळायची. त्यांच्या लेखी ती निळसर होती. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या वाटेवरून त्या मनाने खूप हिंडल्या होत्या.

वर्षभरापासून मात्र नजर दगा देत होती. "आई, डोळे दाखवून ये," असं लेक कानीकपाळी ओरडत होती. कामावर मावशींनी ताकास तूर लागू दिली नव्हती. डोळे गेल्याचं कळलं की ही खुर्ची जाणार आणि उरलेली वर्षं खोकी बांधण्यात जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

जुळणी करताना चिपवर काचेचं झाकण हवंच, असा तिथला नेम. फिल्टर इतका नाजूक, की जवळच्या माणसाच्या उबेनेही त्याचा रंग सरकतो. पण त्या दुपारी काचेतून सगळं पुसट दिसायला लागलं, तेव्हा मावशींनी झाकण काढलं, नाक टेकेल इतक्या वाकल्या आणि फिल्टर पक्का करून टाकला. हे एकदाच करता येतं. चुकलं तर चिप वाया. आकडा भरून आला. झाकण ठेवून मावशी तरंगतच पाणी प्यायला गेल्या.

परत येऊन बघतात तो आकडा पार उतरलेला. झाकण काढून पुन्हा वाकल्या, तर हळूहळू चढला. फिल्टर त्यांच्या चेहऱ्याच्या उबेला जुळून पक्का झाला होता.

एवढ्यात साहेब आले. वयाने लेकीएवढे.

"झालं का मावशी? वा, आकडा तर पूर्ण आहे." झाकणाकडे त्यांचं लक्षच नव्हतं; ते जुळणीच्या कागदावर सही करायला वाकले.

मावशी अजून दोन मिनिटं तशाच वाकून राहिल्या असत्या, तर खुर्ची वाचली असती. चिप पुढे कुठेतरी अडली असती आणि दोष भलत्याच कुणाच्या तरी माथी बसला असता.

"थांबा साहेब." मावशींनी झाकण ठेवलं आणि त्या पार भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. दोघं पडद्याकडे बघत राहिले. आकडा उतरत गेला.

"मला नीट दिसत नाही आता," मावशी म्हणाल्या. "झाकण काढून जवळून लावलं."

साहेबांनी पेन खिशात ठेवलं. "तुम्ही हलला नसता, तर मला कळलंच नसतं."

"मग जन्मभर त्या चिपवर वाकून बसावं लागलं असतं मला," मावशी म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं.