मंदावलेला तारा

राजूरचे मुजफ्फर तांबोळी एसटीतून निवृत्त झाले आणि गच्चीवर दुर्बीण लावून बसू लागले. आकाशाच्या जुन्या पाहणीतल्या फोटोंत एका ताऱ्याचा प्रकाश कमीजास्त होताना दिसला होता; पुढे कित्येक वर्षं त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पुण्याच्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळाने तो तारा त्यांच्यावर सोपवला. तीन हिवाळे ते शेजारच्या ताऱ्यांशी त्याची तुलना करत राहिले, पण तो काही बदलेना.

त्यातच समोरच्या गोजरबाईंनी आपल्या चहाच्या हॉटेलावर मोठा दिवा लावला आणि त्याच्या झगमगाटात तारा दिसेनासा झाला. मुजफ्फरभाई संकोचत म्हणाले, "संध्याकाळी थोडा वेळ बंद ठेवाल का?"

"आधी सांगायचं न्हाई व्हय, भाई? रोज बंद करीन की!"

बाईंनी शब्द पाळला. गिऱ्हाइकं कुरकुरली, तर त्यांनी भाईंच्या गच्चीकडे बोट दाखवलं. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी तारा चक्क मंदावलेला दिसला. भाईंनी बाईंना वर बोलावून दुर्बिणीशी बसवलं.

"लई बारीक दिसतोय की वो!"

"कालपर्यंत ठसठशीत होता," भाई म्हणाले. "तुमचे उपकार, बाई."

मंडळाला निरीक्षण कळवताना त्यांनी आपल्या नावाशेजारी गोजरबाईंचंही नाव लिहिलं.