अब्बांच्या वाक्याचा संदर्भ

सांगलीच्या कॉलेजात पीएच.डी.च्या पहिल्याच भेटीत माझ्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं, "नेटवरचं एक वाक्य जरी घेतलंस, तरी लिहिणाऱ्याचं नाव, लिंक आणि पाहिल्याची तारीख द्यायची. नाहीतर ती चोरी." मी ते वेड्यासारखं पाळलं.

आष्ट्यात माझे अब्बा गाद्या भरतात. "दमट कापूस भरला की गादी रुसती," असं ते म्हणतात. त्यांच्या कामावर मी ब्लॉग लिहिला आणि मोठ्या कौतुकानं लिंक आधी सरांनाच पाठवली.

पुढं माझा प्रबंध चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून तपासला, तर त्या ब्लॉगवरूनच लिहिलेलं अब्बांवरचं अख्खं प्रकरण लाल होऊन आलं. माझा मजकूर सरांच्या ऑनलाइन लेखात जसाच्या तसा होता. रुसलेली गादीसुद्धा! अब्बा तिथं 'एक स्थानिक कारागीर' झाले होते आणि संदर्भसूचीत माझा पत्ताच नव्हता.

लेखाची प्रिंट मी त्यांच्या टेबलावर आपटली. सरांनी चहाचा कप जरा बाजूला सरकवला.

"एवढं काय त्यात? माझ्या लेखाचा संदर्भ दे, झालं. फक्त पाहिल्याची तारीख विसरू नकोस."