न ऐकलेला वटवट्या

छापखान्यात मशीनवर उभा जन्म काढलेल्या त्या गृहस्थांना पक्षी बघणाऱ्या मंडळींनी ‘कानसेन’ हे नाव बहाल केलं होतं. बाकीचे दुर्बिणी सरसावत असायचे, तोवर हे बुटाची नाडी बांधता बांधता सांगून मोकळे व्हायचे, “डावीकडं, वरच्या फांदीवर.” पक्षी नेमका तिथंच असायचा. दिवसभर त्या खडखडाटात राहून माणूस एवढं बारीक कसं ऐकतो, याचं सगळ्यांना अप्रूप होतं. मशीननं कान कधीच पोखरायला घेतले होते, हे मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

निवृत्तीनंतर पानगळीत ते एकटेच पक्षी बघायला जाऊ लागले. गावाबाहेर सांडपाण्याच्या तळ्यामागं झाडांची एक रांग होती. लांबून आलेले पक्षी तिथं दोन दिवस दम खाऊन पुढं जायचे. त्या सकाळी अर्ध्या उघड्या फांद्यांत अंगठ्याएवढा वटवट्या दिसला. डोळ्यावर फिकट भुवई, पंखावर दोन पट्टे. असे वटवटे दोन जातींचे. एक दर वर्षी येणारा. दुसरा वाट चुकलेला, या भागात कुणीच न पाहिलेला. दिसायला दोघं एकाच माळेचे मणी, फरक काय तो आवाजात.

वटवट्यानं चोच उघडली. गळा थरथरला. कानसेनांना काहीच ऐकू आलं नाही.

त्यांनी मास्तरांना फोन लावून पक्षी कसा दिसतोय ते सांगितलं. मंडळींमध्ये मास्तरांचा शब्द शेवटचा.

“बोलला का?” मास्तरांनी विचारलं.

“बोलतोय ना.”

“मग सांगा की! तुम्ही म्हणाल ते मान्य.”

खोटं बोलायला तेवढं पुरे होतं. वाट चुकलेल्या जातीचं नाव कानसेनांच्या ओठांवर आलंही.

“वारा फार आहे हो,” ते म्हणाले. झाडाचं पानही हलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकोला बरोबर यायला सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. कशाला, म्हणून तिनं विचारलं नाही. शाल गुंडाळून निघाली. पक्षी होता तिथंच होता.

“अगोबाई, केवढा ओरडतोय!”

“एक सूर की दोन?”

“एक.” तिनं मान कलती केली. “नाही, दोन. थांबा हं… शेवटी वर चढतो. की उतरतो?”

“करून दाखव.”

तिनं लाजत लाजत ओठांचा चंबू केला. ते तिच्या तोंडाकडं टक लावून बघत राहिले. तिची शिट्टीही त्यांच्यापर्यंत पोचली नाही.

“तुला कधी कळलं?” त्यांनी विचारलं.

“किटलीची शिट्टी वाजत राहायची आणि तुम्ही शेजारी पेपर वाचत बसायचात. दोन वर्षं झाली असतील.”

“बोलली नाहीस.”

“काय बोलणार? रविवारी किती हौसेनं निघायचात.”

कानाचा डॉक्टर, यंत्र, सगळं तिनं एका दमात सुचवलं. यंत्र ते आधीच गुपचूप लावून बघून आले होते. त्यात माणसं मोठ्यानं बोलायची, पण तेवढे वरचे सूर परत येत नव्हते. त्यांनी दुर्बीण पिशवीत घातली.

“थांबू या की थोडं. मी नीट ऐकते,” ती म्हणाली.

“नको. तुझ्या ऐकण्यावर मी नाव कसं लावू?”

हे तिला लागलं. तिनं शाल अंगाभोवती ओढून घेतली. चिखलाच्या वाटेनं दोघं परत निघाले. वळणाशी ती जरा रेंगाळली.

“अजून बोलतोय,” ती म्हणाली.

“थांबला की सांग,” ते म्हणाले आणि चालत राहिले.

संध्याकाळी त्यांनी मास्तरांना कळवलं, ओळख पटली नाही. मास्तर हळहळले, पुढच्या वर्षी बघू म्हणाले. कानसेनांनी हो म्हटलं आणि दुर्बीण कुणाला हवी असेल तर विचारून ठेवा, असंही सांगितलं.