उभं राहण्याची शिकवणी

त्या साली थंडी पडली तरी माझ्याकडं कुणी गादी पिंजायला आणेना. एरवी दिवाळी झाली की आम्हा पिंजाऱ्यांना जेवायला फुरसत नसायची. घराघरांतून दबलेल्या गाद्या निघायच्या, कापूस पिंजायच्या धनुकलीचा आवाज गल्लीभर घुमायचा आणि माझ्या मिशा संध्याकाळपर्यंत पांढऱ्या व्हायच्या. त्या साली धनुकली खुंटीलाच राहिली. नदीपलीकडच्या गावांतून मात्र रोज धूर निघायचा. कापूस जळाल्याचा वास मला लांबून कळतो. प्लेगानं माणूस गेलं की त्याची गादी जाळतात, आणि त्यातल्या कितीतरी गाद्या माझ्याच हातच्या होत्या.

त्याच साली मी मेंबर झालो.

कोल्हापूर शहराच्या कारभाराला तेव्हा एक कमिटी होती. पाणी, दिवे, झाडलोट, बाजार यांचे नियम ती करायची आणि तिनं केलेला नियम शहराला कायदा असायचा. तोवर तिथं सरदार, वकील आणि गुळाचे व्यापारी बसायचे. मग महाराजांच्या दरबारातून हुकूम आला की यापुढं सगळ्या जातींची माणसं बसवा. आमच्या लोकांनी मला निवडलं, कारण मला वाचता येत होतं आणि तोंड बंद ठेवता येत नव्हतं. शेजारच्या गल्लीतल्या तेल्याला त्याच्या लोकांनी निवडलं, कारण त्याच्याइतका मऊ माणूस पेठेत दुसरा नव्हता. आम्ही लहानपणापासूनचे दोस्त. निवडून आल्यापासून एकमेकांना ‘मेंबर’ म्हणून चिडवत होतो. असे नवे मेंबर आम्ही सहा जण होतो.

नव्यांना कामकाज कळावं म्हणून दरबारनं सोय केली होती. नियमांचं एक मराठी पुस्तक, अर्ज लिहून द्यायला एक कारकून, आणि शिकवायला एक पेन्शनर शिरस्तेदार. शिरस्तेदारांना आम्ही मास्तर म्हणायचो. दुपारी शाळा सुटली की त्याच शाळेच्या खोलीत आम्ही सहा बाप्ये पोरांच्या बाकांवर गुडघे मुडपून बसायचो. पुस्तक एकच होतं आणि ते मास्तरांच्या कपाटात कुलपात असायचं.

पहिला धडा उठण्याचा. अध्यक्षसाहेब आत आले की उठायचं. ते बोलायला उभे राहिले की उठायचं. ते बसल्याशिवाय बसायचं नाही. मास्तर मला खुर्चीत बसवून अध्यक्ष करायचे. मी उठलो की बाकीचे पाचही उठायचे. मग मी मुद्दाम उठबस करून त्यांना घाम फोडायचो, आणि तेली हसत म्हणायचा, “आरं मेंबरा, माज्या बैलाला पन मी एवढं दमवत न्हाय.”

वहाणा कुठं काढायच्या, पागोटं कसं बांधायचं, खोकला आला तर तोंड कुठं फिरवायचं हेही मास्तरांनी शिकवलं. मास्तर वाईट माणूस नव्हते. सारी नोकरी त्यांनी साहेबांसमोर उभं राहून केली होती. जे येत होतं तेच ते देत होते.

एकदा मी विचारलं, “मास्तर, मत कसं द्यायचं?”

“हात वर करायचा,” ते म्हणाले. “पण तशी वेळ येत नाही. तिथं सगळं एकमतानं होतं.”

“पुस्तकात काय लिहिलंय ते तरी वाचून दाखवा.”

“आधी चालरीत पक्की होऊ द्या. ते मागाहून बघू.”

माझं डोकं तापलं. पण तेल्यानं माझ्या मांडीवर हात ठेवला आणि मी गप्प बसलो.

उंदरांची सुरुवात तेल्याच्या घाण्यापासून झाली. पेंड आली की उंदीर आलेच, त्याचं कुणाला काही वाटत नसे. पण एका सकाळी मी तेल आणायला गेलो, तर भर उजेडात एक उंदीर झिंगल्यासारखा भिंतीकडून चालत आला, घाण्याच्या वाटेवर आला आणि बैलाच्या पायाशी आडवा झाला. बैलानं पाऊल उचललं ते पुढं टाकेना. तेल्याची एकुलती एक लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आले होते. ती दारात उभी होती.

“चाचा, मेला का हो त्यो?”

“आत जा बाय,” मी म्हणालो. “बापाला बाहेर पाठव.”

उंदीर पडले की घर सोडायचं, हे तोवर पोरासोरांनाही माहीत झालं होतं. ज्यांची शेतं होती त्यांनी शेतात झोपड्या घातल्या. तेल्याला ना शेत ना शिवार. पोरीचं सासर नदीपलीकडं, तिथं तर गाद्या आधीच जळत होत्या. आसपासची गावं कोल्हापूरच्या माणसाला वेशीत घेत नव्हती. कमिटीनं पेठ उठवायचा ठराव केला, तरच माळावर जागा, बांबू आणि चटया मिळणार होत्या. तो विषय पुढच्याच सभेत होता.

“आपुन मेंबर हाय,” तेली म्हणाला. “हात वर करायचा आन् पोरीला माळावर न्यायचं. मोकळ्या हवंत बाळातीन हुईल ती.”

मेंबरकीचा उपयोग त्याला पहिल्यांदाच दिसला होता.  

सभेला जाताना गुळाच्या गाड्यांची रांग लागलेली होती. व्यापाऱ्यांच्या वखारींतून मेलेले उंदीर सुपानं बाहेर टाकत होते आणि वर राख लोटत होते. आत गेल्यावर एका गुळाच्या व्यापाऱ्यानंच मांडलं की चार उंदीर मेले म्हणून पेठ उठवली तर परगावचं गिऱ्हाईक फिरकणार नाही; हंगाम सरेपर्यंत विषय तहकूब ठेवावा. मी उठून बोललो. म्हणालो, प्लेग हंगाम बघून येत नाही, आणि तिरडीला गूळ बांधायची रीत अजून तरी आपल्यात नाही. व्यापारी लाल झाला. दोन जुने वकील आमच्या बाजूनं मान हलवत होते. ते दोघं आणि आम्ही सहा, एवढ्या मतांवर तहकुबी हाणून पाडता येत होती. तेली उजवा हात मांडीवर तयार ठेवूनच बसला होता.

अध्यक्ष म्हणजे एक म्हातारे सरदार. बोलणं हळू आणि गोड.

“तहकुबी ज्यांना पसंत असेल त्यांनी उभं राहावं,” ते म्हणाले, आणि स्वतः उभे राहिले.

खुर्ची सरकली आणि आमचा बाक एकदम उठला. मीही निम्मा उठलो होतो. मग शब्द डोक्यात शिरले आणि मी धपकन खाली बसलो. तेल्याची बाही ओढली.

“बस! बस खाली!”

“साहेब उभं हाईत की,” तो ओठ न हलवता म्हणाला. कमरेत जरा वाकून, हात जोडून, अगदी शिकवल्याप्रमाणं उभा होता.

मी बसल्या जागेवरून ओरडलो, “साहेब, हे मान द्यायला उठल्यात, मत द्यायला न्हाय!”

“मोजणी चालू असताना बोलू नये,” मतं मोजणारे चिटणीस म्हणाले. टाकाचं टोक एकेका डोक्यावरून पुढं सरकत होतं. आमच्या बाकावरून ते फिरलं तेव्हा वकिलांनी आमच्याकडं पाहिलं. आम्हाला कुणीतरी विकत घेतलं असं त्यांना वाटलं असणार.

अध्यक्ष बसले. मग सगळे बसले. आणि मग तेल्यानं हात वर केला. ताठ, सगळ्यांना दिसेल असा. चिटणीस पुढचा विषय वाचायला लागले, रस्त्यावरच्या कंदिलांच्या काचांचा. तेल्याचा हात वरच.

“माजा हात ऱ्हायला की,” तो म्हणाला.

कुणीतरी हसलं. कंदिलांचा विषय पुढं चालू राहिला.

मी तडक मास्तरांचं घर गाठलं. ऐकता ऐकता ते पांढरे पडले. शाळेत जाऊन त्यांनी कपाट उघडलं, पुस्तक काढलं. अध्यक्षांनी हवं तर हात वर करवून, हवं तर उभं करवून मतं घ्यावीत, असं तिथं स्वच्छ छापलेलं होतं.

“मी कधी पाहिलंच नाही,” ते म्हणाले. “इतक्या वर्षांत कधी मोजायची वेळच आली नाही.”

“मग आता काय करायचं?”

“तहकूब म्हणून नोंद झाली. आता हंगाम सरेपर्यंत विषय निघत नाही.”

“सहा माणसांना उठायला शिकवलंत,” मी म्हणालो, “बसायला कुणी शिकवायचं?”

 मी घरी येऊन धनुकली काढली आणि तेल्याच्या लेकीसाठी नव्या कापसाची गादी भरली. त्या साली मी भरलेली ती एकच गादी.

ती बैलगाडीत घालून, वर पोरीला निजवून आम्ही कुरुंदवाडच्या वाटेला लागलो. तिकडं तिची मावशी होती. वाटेत माणूस भेटत नव्हतं. खळी ओस, विहिरींवर मोट नाही, कुत्री तेवढी गाडीमागं येत होती. एका गावाच्या वेशीवर रस्ताभर बाभळीच्या काट्या टाकलेल्या. पलीकडं काठ्या घेतलेले चौघे.

“पावणं, मागं फिरा. कोल्लापूरची गाडी न्हवं ही?”

“पोर आडलीया बाबांनो,” तेली म्हणाला. “नुस्तं जाऊ द्या, थांबत न्हाय.” मग काय सुचलं त्याला, पागोटं सारखं करून म्हणाला, “मेंबर हाय मी.”

“आसशील तुज्या गावात. फिरीव गाडी.”

बैलाला वळवायला जागा नव्हती. आम्ही दोघांनी चाकाला खांदा लावला. पोर वरून म्हणत होती, “चाचा, राग नका करू त्यांचा. त्यांची बी लेकरं हाईत.” मला राग येत नव्हता. त्या काट्या जित्यांच्या आणि मेलेल्यांच्या मधे टाकल्यासारख्या वाटत होत्या, आपण मेलोय आणि आपल्याला अजून कळलेलं नाही असं.

घरी आल्यावर ती बाळंत झाली. मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी अंगात ताप भरला, जांघेत गाठ आली, आणि मग फार वेळ लागला नाही. आई गेली, बाळ राहिलं. सरकारी माणसांनी गादी ओढून चौकात नेली. नवा कापूस होता, भडकन पेटला. मी वळून दुसरीकडं पाहिलं, पण वास काही दुसरीकडं जात नाही.

मग एका व्यापाऱ्याच्याच घरात माणूस दगावलं. विषय निघत नाही म्हणणाऱ्यांनी तातडीची सभा बोलावली आणि विषय निघाला. सगळे उभे राहिले, या वेळी खरंच सगळ्यांना पसंत होतं. माळावर झोपड्यांच्या रांगा उठल्या. तेल्यालाही जागा, बांबू, चटया, सगळं ठरावाप्रमाणं मिळालं.

काही दिवसांनी अध्यक्षसाहेब छावणी बघायला आले. मागं चिटणीस, कारकून आणि मास्तर. रांगेतली माणसं पटापट उठत होती, म्हाताऱ्याकोताऱ्या बायासुद्धा बांबूला धरून उठत होत्या. तेली झोपडीच्या तोंडाशी नात मांडीवर घेऊन बसला होता. कापसाचा बोळा शेळीच्या दुधात बुडवून तिच्या ओठांत पिळत होता. कापूस मी दिलेला होता.

पुढं चालणारा चपराशी म्हणाला, “ऊठ की रं. साहेब आल्यात.”

तेल्यानं बोळा दुधात बुडवला.

“ऊठ म्हंतोय न्हवं?”

“मी बसलोय,” तेली म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. त्यानं अध्यक्षांकडं पाहिलं नाही, मागच्या कारकुनाकडं पाहिलं. “लिवून घ्या तुमी. तेली बसला व्हता म्हून लिवा.”

कारकुनानं चिटणिसांकडं बघितलं. मास्तरांनी मान खाली घातली. साहेब पुढच्या झोपडीकडं गेले. मी रांगेत उभा होतो. मी जाऊन त्याच्या शेजारी बसलो आणि दुधाची वाटी धरली.