भांड्याजवळचा राग

संशय घ्यायला कुकाला कुणी शिकवावं लागलं नाही. मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या बाजारात ती परदेशी पाहुण्यांना खाऊ घालत हिंडवायची, पण पाहुण्यांच्या आधी प्रत्येक घास स्वतः चाखून बघायची. चॉकलेट दळणारा दालचिनीत भलतीच साल मिसळतो आणि खायचे भाजके नाकतोडे विकणारी कालचाच माल लिंबू पिळून आजचा म्हणून खपवते, असं तिचं ठाम मत होतं. बाजार तिला तोंडावर इन्स्पेक्टरीणबाई म्हणायचा. तिलाही ते आवडायचं, उगाच खोटं कशाला बोला!

फेरी संपायची ती ओबदुलियाच्या टपरीवर. मक्याच्या पिठात मोले नावाचा काळा रस्सा भरून, केळीच्या पानात बांधून उकडलेले तिचे तामाल खाल्ले की पाहुणे आधीचं सगळं विसरून जात. ओबदुलियाच्या थोरलीची कुका धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत. हे नातं बाजारात सख्ख्या बहिणींहून घट्ट मानतात. आणि ही टपरी हातची गेली तर आपल्या फेरीत राम उरणार नाही, हे कुका पक्कं जाणून होती.

म्हणूनच अशाच फेऱ्या काढणाऱ्या नव्या कंपनीचा उरिएल, तो केसांना तेल चोपडलेला पोरगा, टपरीपाशी बोलताना दिसला आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. तेव्हापासून तिला चैन पडेना. ती येता-जाता भांड्यांची झाकणं उचलून बघायची, तामाल लहान झालेत का ते हातात घेऊन अंदाजायची, थोरलीला आडून आडून विचारायची की आईकडे कोण येतं, काय बोलतं. ओबदुलियाने एक-दोनदा काय झालं म्हणून विचारलं. कुका म्हणाली, कुठे काय. मनात मात्र तिने निकाल देऊन टाकला होता.

अशातच एका दुपारी पाहुणे बाकांवर येऊन बसले आणि तामाल काही शिजेनात. सकाळपासून भांड्याखाली जाळ होता, वाफ भसाभसा निघत होती. पान सोडून बघावं तर पीठ आपलं पांढरं, चिकट. शेजारची भाजीवाली लगेच म्हणाली की जवळपास कुणीतरी राग धरून उभं आहे. भांड्याजवळ राग आला की तामाल कच्चे राहतात, आणि भांड्याला पान बांधून भोवती नाचलं की तो राग उतरतो, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कुकाला वेगळाच वास आला. पाहुण्यांदेखत आपलं नाक कापायला हिने मुद्दाम जाळ कमी ठेवला असणार!

ओबदुलियाने केळीच्या पानाची एक पट्टी फाडून तिच्यापुढे धरली.

"बांध भांड्याच्या कानाला. आणि नाच."

"मीच का म्हणून?"

"रोज माझ्या चुलीपाशी तोंड फुगवून कोण उभं राहतं?"

नाही म्हणावं तर राग कबूल केल्यासारखं. कुकाने पट्टी करकचून बांधली आणि आपला जाडजूड देह सावरत भांड्याभोवती फेर धरला. पाहुण्यांना वाटलं हाही कार्यक्रमातलाच भाग. ते टाळ्या वाजवू लागले, फोटो काढू लागले. त्या टाळ्यांनीच तिचा बांध फुटला. ती थांबली. तिला भयंकर रडू येत होतं.

"तू त्या उरिएलला हो म्हणालीस. मला एका शब्दाने सांगितलं नाहीस."

ओबदुलियाने एप्रनला हात पुसले.

"कितीदा आला तो. दर वेळी हाकलला मी. म्हटलं, इथे माझ्या कोमाद्रेचे पाहुणे बसतात. पण तू माझी झाकणं उचलायला लागलीस. माझ्याच पोरीकडून माझी चौकशी करायला लागलीस. चोर ठरलेच आहे तर ठरले, म्हटलं. काल त्याला हो म्हणून टाकलं."

तिने झाकण काढून एक तामाल सोडला. पीठ पानापासून अलगद सुटलं.

पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या पाहुणीने विचारलं, त्या काय म्हणाल्या? इतकी वर्षं कुका बाजारातला शब्दन् शब्द पाहुण्यांना त्यांच्या भाषेत सांगत आली होती. तिने डोळे पुसले.

"ती म्हणतेय," कुका म्हणाली, "तामाल शिजलेत, जेवून घ्या."