भाव न लावता बघणं

बारामतीत दर रविवारी चित्रांचा वर्ग भरतो हे कळलं तेव्हा माझं वय बावन्न होतं आणि दोन्ही गुडघे कामातून गेले होते. गोष्टींच्या पुस्तकात असतात तशी चित्रं काढायला तिथं शिकवत. पुण्याचं एक प्रकाशन मेंढरांमागं फिरणाऱ्या माणसांवर मुलांसाठी पुस्तक काढणार होतं आणि त्याची चित्रं या वर्गातल्याच कुणाकडून करून घेणार होतं. मी त्या पुस्तकासाठी नाव घातलं, हौस म्हणून नाही.

कारण जुनं आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आमच्या मेंढरांच्या तळावर एक चित्रकार आला होता. चार दिवस राहिला, आमच्यातच जेवला. वडलांनी त्याला सगळं दाखवलं. मेंढरांभोवती जाळी कशी लावतात, कोकरू आईला कसं लावतात, पाऊस आला की घोंगडी डोक्यावर कशी घेतात. वर्षाने पुस्तक निघालं ते मीच पुण्याहून विकत आणलं. आमची मेंढरं काळी, बाकदार नाकाची. पुस्तकात पांढरी, पिंजलेल्या कापसासारखी. मेंढरांत उभा केलेला म्हातारा मात्र सरळसरळ माझे वडील. मिशी त्यांची, डोळ्याखालचा व्रणही त्यांचा. मागच्या पानावर बारीक अक्षरात मेंढपाळ बांधवांचे आभार.

वडलांना वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, "माजं नाव कुठं हाय ह्यात?"

"नाव घालायची पद्धत न्हाय," मी म्हणालो.

"चितारणाऱ्याचं हाय का?"

ते मुखपृष्ठावरच होतं. त्यांनी पुस्तक मिटून माझ्याकडे दिलं आणि परत कधी मागितलं नाही. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. नव्या पुस्तकात म्हातारा मेंढपाळ असणारच होता. तो मी काढायचा आणि खाली त्यांचं नाव घालायचं, एवढंच मला हवं होतं.

अक्षरओळखीपलीकडे माझं शिक्षण नाही, पण हात अगदीच कोरा नव्हता. मेंढरं विकल्यावर वीस वर्षं मी शेळ्यामेंढ्यांचा व्यापार केला. एका दिवसात दोनशे जनावरं डोळ्याखालून जायची. पसंत पडलेलं लक्षात राहावं म्हणून वहीत त्याची आकृती काढायची सवय लागली. नंतर निमगाव केतकीला पशुखाद्याचं दुकान टाकलं, तरी सवय राहिली. वर्गाची फी ठरवताना मी या वह्या टेबलावर ठेवल्या आणि अर्धा तास घासाघीस केली. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. शेवटी त्या म्हणाल्या, "काका, मी दमले. तुम्ही म्हणाल तेवढी द्या."

वर्गात आम्ही नऊजण होतो. चित्र काढायला शिकायचं तर मॅडम आधी हाताची जुनी सवय मोडायला लावत. डाव्या हाताने काढा. पेन न उचलता एका रेषेत काढा. खुर्ची काढू नका, खुर्चीच्या पायांमधली मोकळी जागा काढा. बाभळीची काडी शाईत बुडवून काढा. मला राग यायचा. मोकळी जागा कोण विकत घेतं? पण शाई सांडत, पाठ मोडत मी सगळं केलं. शनिवारी दुकान, रविवारी एसटी, सोमवारी पुन्हा दुकान. हातपाय शिणले होते आणि चित्रात फरक पडल्याचं काही दिसत नव्हतं.

एका रविवारी मॅडमनी टेबलावर तोटीचा जुना तांब्या ठेवला आणि कागदाकडे न बघता तो काढायला सांगितलं. नजर तांब्यावर, हात कागदावर. सगळ्यांची नजर चोरून खाली जायची. मी खांद्यावरचा टॉवेल काढला, हातावर टाकला आणि त्याच्याखाली चित्र काढलं. बाजारात आमचा भाव तोंडाने होत नाही. दोघांचे हात कापडाखाली, बोटं दाबून आकडा सांगायचा आणि डोळे समोरच्याच्या तोंडावर ठेवायचे. वीस वर्षं माझ्या हाताने न बघता काम केलं होतं. टॉवेल उचलला तर तांब्या वाकडा होता, पण उचलला तर जड लागेल असा दिसत होता.

पुढच्या रविवारी मॅडमनी सगळ्यांना रुमाल आणायला लावले. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'रुमाल सराव' असं नाव टाकून फोटोही टाकला.

"मॅडम," मी म्हणालो, "हे कुणी शोधून काढलं ते बी लिवा."

त्या हसल्या. मग माझं तोंड बघून त्यांनी लिहिलं. शेजारी कोऱ्हाळे बुद्रुकची एक पोरगी बसायची, ऊसवाल्यांची, डी.एड. झालेली. ती म्हणाली, "तात्या, पेटंट घेताय का काय?"

"घेणार. आन् पैलं पैसं तुझ्याकडनंच."

वर्गातली सगळ्यात चांगली चित्रं तिचीच होती. ते मला पहिल्या रविवारीच कळलं होतं. चांगलं जनावर ओळखायला मला वेळ लागत नाही.

मेंढरांची चित्रं सुरू झाली तेव्हा मी निवांत होतो. वीस मेंढ्या काढून नेल्या. मॅडम एकेक कागद बघत गेल्या आणि मला एकेकीचं विचारत गेल्या. ही अशी का उभी? म्हटलं, मागच्या पायात अधू आहे. आणि ही? हिची कास सुजलीय. ही म्हातारी, दात पडलेत. त्यांनी कागद खाली ठेवले.

"काका, वीसच्या वीस चित्रांत खोटच काढलीय. मेंढी कुठंय?"

व्यापारी जनावर बघतो ते भाव पाडायला. खोट दिसली की बाकीचं बघायचं कारण नसतं. मॅडमनी सांगितलं, जिवंत कळपात जा, एकच मेंढी निवडा आणि तासभर फक्त बघा. काढू नका, भाव मनात आणू नका. चित्राआधी अशी शोधाशोध करावी लागते, फोनवरचे फोटो चालत नाहीत.

उन्हाळ्यात आमच्याकडच्या धरणाचं पाणी हटतं आणि डाळज गावच्या बाजूला गवताळ काठ उघडा पडतो. मेंढरं तिथं उतरतात. तिथला एक म्हातारा माझ्या बाजारातल्या ओळखीचा, त्याला मी आबा म्हणतो. त्याच्या कळपातली एक मेंढी धरली आणि तिच्यापुढे दगडावर बसलो. ऊन वर आलं. बाकीची मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून गोळा झाली. काळा ढीग, एकही तोंड दिसत नव्हतं, नुसता श्वास वरखाली. लहानपणापासून ते रोज पाहिलं होतं आणि कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात मोटरसायकलवरून दोन गिऱ्हाईकं आली. त्यांनी मला पाहिलं, मेंढीला पाहिलं.

"काय तात्या, घेताय का?"

"न्हाय," मी म्हणालो. तास पुरा व्हायचा होता, बोलायचं नव्हतं.

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, कळपाला चक्कर मारली आणि काहीच न घेता गेली. आबा काठी आपटत आला.

"घात केलास तू माजा."

"मी काय केलं?"

"तासभर एका मेंढीफुडं बसलास आन् भाव न लावता न्हाय म्हनलास. आता हिच्यात रोग हाय म्हनून भिगवनपतुर बोभाटा हुईल. आन् हिच्यात हाय तर समद्यात हाय."

बाजाराची ही रीत त्याने मला सांगायची गरज नव्हती. जाणत्या व्यापाऱ्याने जनावर निरखलं की आकडा बोलायचा, मग तो कितीही पडता असो. न बोलता उठला, तर खोट सापडली असा अर्थ. मी स्वतः किती जणांची जनावरं अशी पाडली होती. तरीही मी आवाज चढवला.

"आबा, मी चितारायला आलोय. व्यापार सोडला मी."

"ते मला कशाला सांगतुस, त्यास्नी सांग. सोडला म्हनं. तुला बगून लोक भाव करत्यात अजून."

बराच वेळ आम्ही एकमेकांवर ओरडत होतो. शेवटी मी त्या मेंढीचा आकडा बोललो. म्हातारा म्हणाला, "जास्त बोललास."

"ऱ्हाऊ दे."

ती दोघं हायवेवर चहाला थांबली होती. त्यांच्या समोरून मेंढी टेम्पोत चढवून नेली, म्हणजे आबाचा कळप पुन्हा चांगला झाला.

घरी बायको दारातच उभी होती. "अवं, चित्र काढाय गेलता न्हवं?"

"हिच्याकडं बगून काढायचंय."

"मग हिला पाणी पाजू का रंग?"

एकटी मेंढी दोन दिवस ओरडत राहिली. शेजारी भांडायला आले. तिसऱ्या दिवशी मी दुकान बंद करून तिच्यापुढे बसलो आणि ती माझ्या हातून पहिल्यांदा नीट उतरली. भाव देऊन झाला होता, आता खोट शोधून काही वाचणार नव्हतं. कान पाडून बसलेली मेंढी दिसली, तशी काढली. मग डाळजचा दुपारचा ढीग काढला. काडी आणि शाई, मोठा कागद, डोक्यांविना तीसेक मेंढरं आणि त्यांच्या मधल्या फटींतून ऊन. फटी आधी काढल्या. म्हातारा मेंढपाळही काढला, पण तो जमला नाही. वडलांचा चेहरा आठवायला गेलो की त्या पुस्तकातलाच समोर यायचा. त्यापायी मी पाच कागद फाडले.

निवडीच्या दिवशी प्रकाशनाचे गृहस्थ आले. माझ्या ढिगापुढे ते बराच वेळ थांबले.

"सुंदर आहे. पण मेंढ्यांची तोंडं?"

"उनात तोंडं दिसत न्हाईत."

"मुलांना तोंडं लागतात हो. डोळे लागतात."

पुस्तक कोऱ्हाळ्याच्या पोरीला मिळालं. तिची मेंढरं काळी होती, बाकदार नाकाची. हे ती माझ्याकडूनच शिकली होती. गृहस्थ मला म्हणाले, "तुमच्यासारखा जाणकार आम्हाला लागणारच. तुम्ही तिला माहिती द्या. आम्ही आभारात उल्लेख करू."

त्यावर मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. मॅडम मध्ये आल्या, त्यांनाही बोललो. कागद गुंडाळले आणि स्टँडवर येऊन बसलो. निमगावची गाडी लागली तरी उठवेना. मला तेव्हा पुस्तकही नको होतं, कुठं तरी आडवं व्हावं एवढंच वाटत होतं.

दोन रविवार मी गेलो नाही. तिसऱ्या रविवारी ती पोरगी दोन गाड्या बदलून आमच्या घरी आली. बायकोने तिला चहा दिला. तिने चित्रं खाटेवर मांडली. मी बघणार नव्हतो, पण डोळे गेले.

"म्हातारा जमंना, तात्या," ती म्हणाली. "उभा केला की पडंल असा दिसतोय."

"मला काय सांगतीस? तुला काम मिळालंय, कर."

"जमलं असतं तर आले असते का हितं? तुमच्या शिव्या काय गोड हायत व्हय."

बायको आत हसली. मी चित्र उचललं. म्हाताऱ्याने काठी हातात धरली होती, गुरं वळणाऱ्यासारखी. आमचा माणूस दिवसभर उभा असतो. तो काठी काखेखाली घेऊन तिच्यावर सगळं अंग टाकतो आणि एका पायाला विसावा देतो. हे मला कुणी विचारलं नव्हतं. त्या चित्रकारानेही नाही.

"सांगतो," मी म्हणालो. "पन फुकट न्हाय. ह्या म्हाताऱ्याखाली माज्या वडलांचं नाव पायजे. आभारात न्हाय, चित्राखाली."

"ते माझ्या हातात न्हाय. पुण्याची माणसं ठरवत्यात."

"मग जा."

ती गेली नाही. चहा पिऊन झाला तरी कपाकडे बघत बसली. आयुष्यभर मी समोरच्याची तोंडं वाचलीत. थाप मारणारी माणसं लगेच हो म्हणतात. ही म्हणाली नव्हती.

"एवढं माझ्या हातात हाय," शेवटी ती म्हणाली. "नाव मी चित्रातच लिहीन, शाईनं, म्हाताऱ्याच्या पायाजवळ. मातीसारखंच. खोडायचं म्हनलं तर त्यांना चित्र नवं काढून घ्यावं लागंल. आन् ते मी काढणार न्हाय."

"पुस्तक जाईल तुझं."

"जाईल." तिचा आवाज बारीक झाला होता. घरात तिच्या लग्नाचं चाललं होतं, हे काम म्हणजे तिची वर्षभराची सुटका होती. हे तिने वर्गात एकदा सांगितलं होतं.

मी आणखी ताणलं असतं तर नाव मुखपृष्ठापर्यंत नेलं असतं. समोरचा थकलेला असताना ताणायचं, हाच माझा धंदा होता. पण मीही थकलो होतो.

"कागद घे," मी म्हणालो. "आधी नाव लिव."

तिने पेन्सिल काढली.

"शाईनं."

तिने दौत उघडली. मी नाव सांगितलं, अक्षर न् अक्षर दोनदा तपासलं. मग माळ्यावरून वडलांची काठी काढली, काखेखाली घेतली, डावा गुडघा सैल सोडला आणि अंगणात उभा राहिलो. तिची नजर माझ्यावर होती आणि हात कागदावर फिरत होता. गुडघ्यात कळ आली तेव्हा मी तिला विचारलं, "झालं का?"

"हलू नका," ती म्हणाली. "आत्ता कुठं उभा ऱ्हायलाय त्यो."